हॉस्टेलमधली मुलं पितात, तर कॉलेजनं नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गोव्यातल्या एका कॉलेजात शिकवता आणि मुलांच्या हॉस्टेलची जबाबदारीही तुमच्याकडे आहे. परीक्षा संपली त्या संध्याकाळी चार मुलं नदीवर पिकनिकला गेली, हुर्राक ही काजूची दारू प्यायली आणि रात्री उशिरा परतली. त्यातला दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा खोलीत बेशुद्ध पडला. बाकीच्यांनी दार आतून लावून घेतलं, एकजण बादली घेऊन उशाशी बसून राहिला आणि पहाटे श्वास घरघरायला लागला तेव्हा कुठे तुम्हाला उठवलं. मुलगा वाचला. आता मॅनेजमेंटला चौघांनाही हॉस्टेलमधून काढायचं आहे आणि जूनमध्ये नशामुक्तीवर व्याख्यान ठेवायचं आहे. तुम्ही विचारलंय की यानं काही होईल का, की गोव्यात याबाबत काही होणंच शक्य नाही.

मी व्यसनमुक्ती केंद्रात काम केलंय आणि गेली बरीच वर्षं कॉलेजांमध्ये समुपदेशक आहे, त्या अनुभवावरून लिहिते. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटलं ते आतून लावलेलं दार. त्या मुलांना मित्राची पर्वा नव्हती असं म्हणता येणार नाही. पर्वा नसलेला माणूस रात्रभर बादली धरून बसत नाही. त्यांना काहीतरी चुकतंय हे कळतही होतं. पण वॉर्डनला उठवलं तर चौघांचंही हॉस्टेल जाईल, हे त्यांना त्याहून पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वाट पाहिली. आता मॅनेजमेंटनं चौघांनाही काढलं, तर हॉस्टेलमधल्या उरलेल्या मुलांना यातून एकच गोष्ट समजेल: त्या चौघांची चूक ही की त्यांनी सरांना उठवलं. शिक्षेच्या भीतीनं मुलं पिणं सोडतात असं मी फारसं पाहिलेलं नाही. मदत मागणं मात्र ती पटकन सोडतात.

पुढे जाण्याआधी हेही सांगते की यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. हॉस्टेल आवारातच आहे की मुलं फोंड्या-म्हापशात खोल्या भाड्यानं घेऊन राहतात, समुपदेशक रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो, पहिल्या वर्षाला अठरा पूर्ण न झालेली मुलं किती आहेत, यावर तपशील बदलतील. कायद्याची बाजूही डोळ्यांसमोर असू द्या. गोव्यात २१ वर्षांखालच्या व्यक्तीला दारू विकता येत नाही, म्हणजे पदवीची जवळजवळ सगळी मुलं त्या वयाच्या आतली आहेत. तेव्हा 'बेतानं प्या' असा फलक कॉलेज लावू शकत नाही, आणि लावूही नये. पण मुलं पीतच नाहीत असं गृहीत धरून केलेली योजना कागदावरच राहते.

आता व्याख्यानाबद्दल. अशा व्याख्यानात सडलेल्या यकृताचे फोटो दाखवतात, व्यसनातून बाहेर आलेला एखादा माणूस आपली कहाणी सांगतो, शेवटी शपथ होते. मुलं मनापासून टाळ्या वाजवतात. पण तो फोटो पाहून मुलाला आपला मामा आठवतो, गल्लीतला सकाळीच तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसलेला माणूस आठवतो. शनिवारी रात्री नदीवर बसलेला तो स्वतः काही त्याला आठवत नाही. ते बरोबरही आहे, कारण या वयातल्या बहुतेक मुलांना अजून व्यसन लागलेलं नसतं. त्यांचा धोका वेगळा असतो. महिनाभर काही नाही आणि एका रात्री दोन तासांत, उपाशी पोटी, पैजेवर, नंतर स्कूटर चालवायची असताना भरमसाट. यकृत खराब व्हायला वर्षं लागतात. ओकारी श्वासनलिकेत जायला काही क्षण पुरतात.

किती म्हणजे भरमसाट, हे मुलांना खरंच माहीत नसतं, आणि शिक्षकांनाही नसतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं की त्याला जोखमीचं पिणं धरते. व्हिस्की किंवा फेणीचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम, तेव्हा एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, संपली की माणूस त्या रेषेवर पोचलेला असतो. स्ट्राँग बियरची मोठी बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. 'मी फक्त बियर घेतो' म्हणणाऱ्यांना मी हा आकडा आधी सांगते. आणि हुर्राक. ही काजूच्या रसाची एकदाच गाळलेली दारू, फेणीपेक्षा सौम्य, साधारण १५ टक्क्यांची, भट्टीप्रमाणे कमीजास्त. लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातली की ती सरबतासारखी लागते, आणि मार्च ते मे ऊन असं असतं की घोट घेत बसायला कुणाला सांगावं लागत नाही. पण दोनशे मिलिलिटर हुर्राक पोटात गेली तर ते २४ ग्रॅम होतात. असे चार ग्लास म्हणजे पाऊण लिटरच्या अख्ख्या बाटलीहून थोडं जास्तच, जवळजवळ शंभर ग्रॅम. तुमच्या मुलानं बहुधा एवढीच घेतली असेल, आणि 'हुर्राकच तर आहे' असं म्हणतच घेतली असेल.

शरीर तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम बाहेर टाकतं, आणि हा वेग लिंबूपाण्यानं, कॉफीनं किंवा आंघोळीनं वाढत नाही. शंभर ग्रॅमचा हिशेब मी मुलांनाच फळ्यावर करायला लावते. रात्री नऊला सुरू केलं, तर दुसऱ्या दिवशी साडेआठच्या लेक्चरला स्कूटरवरून येणारा मुलगा अजून पूर्ण उतरलेला नसू शकतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. 'झोपलो ना मी मॅडम, मग उतरली' असं म्हणणारा एक तरी मुलगा वर्गात असतोच, आणि त्या फळ्यासमोर तो गप्प होतो. अख्ख्या व्याख्यानापेक्षा हा एक हिशेब मुलांच्या जास्त लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून तुम्हाला मी पहिलं काम सुचवीन ते नियमाचं. एका पानावर, मराठी-कोकणी-इंग्रजीत, प्राचार्यांच्या सहीनं लिहून काढा: दारूमुळे कुणाची तब्येत बिघडली आणि तुम्ही मदत मागितली, तर मागणाऱ्यावर आणि आजारी पडलेल्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला भेटणं मात्र सक्तीचं. दारू पिऊन गाडी चालवली, मारामारी केली, कुणाची छेड काढली किंवा ज्युनियरला जबरदस्तीनं पाजली, तर ही सवलत त्याला लागू नाही. जबरदस्तीनं पाजणं हे रॅगिंगच आहे, आणि यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे त्यावर कारवाई करावीच लागते.

'म्हणजे पिण्याला परवानाच दिला की' असं मॅनेजमेंटच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच. त्यांना सांगा की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं २००२ मध्ये नेमका असा नियम केला होता. त्यानंतर मदतीसाठी येणारे फोन वाढले आणि पिणं वाढल्याचं दिसलं नाही. मीही जिथे असा नियम बघितला तिथे तो वाचून कुणी प्यायला लागल्याचं मला आठवत नाही. पण नियम पाळला गेला तरच टिकतो. पहिल्याच प्रकरणात 'हा अपवाद' म्हणून कुणाला काढलंत, तर ते पान फाडून टाकलेलं बरं.

दुसरं काम हातांचं आहे. वॉर्डन, रात्रीचा सिक्युरिटीवाला, मेसमधली माणसं आणि प्रत्येक मजल्यावरची दोन मुलं यांना अर्ध्या तासात शिकवता येतं. मी जमिनीवर गादी टाकते, एका मुलाला त्यावर अंग सैल सोडून पडायला सांगते आणि दुसऱ्याकडून करून घेते: पलीकडचा गुडघा वाकवायचा, खांद्याला आणि कमरेला धरून आपल्याकडे कुशीवर वळवायचं, वरचा हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे ओकारी आली तर बाहेर पडेल. पहिल्यांदा सगळे हसतात. मग मी सांगते, आता हाच मुलगा ऐंशी किलोचा आहे, खोलीत अंधार आहे आणि तुम्ही एकटे आहात, करा. तेव्हा कुणी हसत नाही.

मग खुणा. हाक मारून, खांद्याला जोरात चिमटा काढून जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहेत किंवा दोन श्वासांत दहा सेकंद जातायत, श्वास घरघरतोय, अंग गार आणि चिकट, ओठ-नखं निळसर, बेशुद्धीत ओकारी, आकडी. यातलं एकही दिसलं तरी १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत कुशीवर, आणि एकट्याला सोडायचं नाही. घशात बोटं घालून ओकायला लावायचं नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही, हाताला धरून फिरवायचं नाही. आणि 'झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल' हे वाक्य हॉस्टेलमधून कायमचं घालवा. शेवटचा ग्लास संपला तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, म्हणून झोपलेला मुलगा तासाभरानं आणखी खोल जाऊ शकतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत, तुम्ही लिहिलंय त्यावरून, तसंच झालेलं दिसतं.

तिसरं काम त्या थोड्या मुलांचं, ज्यांचं पिणं खरोखर धोक्याच्या पट्ट्यात आहे. त्यांना शोधायला जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले तर बोलायला हवं, वीस किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. ती भरून घेण्याचं आणि त्यावर बोलण्याचं काम हजेरी घेणाऱ्या, इंटर्नल मार्क देणाऱ्या शिक्षकानं करू नये. हे तुम्हालाही लागू आहे, सर. तुम्ही कितीही चांगले असलात तरी मुलगा तुम्हाला खरं सांगणार नाही, आणि त्यानं का सांगावं?

हे बोलणं कसं असतं ते दाखवते. मुलगा आल्या आल्या म्हणतो, "मी काही रोज पीत नाही." मी म्हणते, "रोज नाही, कळलं. शेवटचं कधी?" "शनिवारी." "किती?" "नॉर्मल." "नॉर्मल म्हणजे माझ्या मापात सांग." मग आम्ही दोघं मिळून ग्रॅम मोजतो. त्यानंतर मी विचारते, यातलं तुला आवडतं काय? याची त्याला अपेक्षा नसते. तो सांगतो: लाज जाते, मित्र जमतात, झोप लागते. आणि नको वाटतं ते? इथे तो थांबतो. फोन हरवला, आईला खोटं सांगितलं, एका मुलीला काहीतरी मेसेज केला आणि सकाळी वाचून मान खाली गेली. एवढं त्यानंच सांगितल्यावर पुढच्या शनिवारी काय वेगळं करशील हेही तोच सांगतो. जेवून जाईन, पैज लावणार नाही, गाडीची चावी न पिणाऱ्याकडे देईन. 'मी पीतच नाही' असंही काहीजण ठरवतात, आणि ते स्वतः ठरवलेलं असल्यामुळे बऱ्यापैकी टिकतं. 'झोप लागते' म्हणणाऱ्याकडे मात्र मी जरा जास्त वेळ थांबते. त्याच्यामागे बरेचदा उदासी असते, घरातली भांडणं असतात, नापासाची भीती असते. तिथे दारूबद्दल बोलून भागत नाही.

हे सगळं शहरातल्या मोठ्या इस्पितळांतच जमतं असं समजू नका. अशा छोट्या बैठकांचा एक नावाजलेला अभ्यास गोव्यातच झालाय. संगाथ संस्थेनं इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या पण खास तयार केलेल्या समुपदेशकांकडून जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पट्ट्याबाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. लॅन्सेटमध्ये तो छापून आलाय. ते पुरुष विद्यार्थी नव्हते, हे खरं. आणि दहा टक्क्यांचा फरक म्हणजे चमत्कार नव्हे. पण समोरच्याला न रागावता, त्याचाच हिशेब त्याच्यासमोर मांडण्याचा उपयोग होतो आणि त्याला मोठी पदवी लागत नाही, एवढं त्यातून घ्या. तुमच्याकडे समुपदेशक आठवड्यातून एकदाच येत असेल, तर समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या एखाद्या तरुण शिक्षकाला यासाठी तयार करता येईल, फक्त त्याचा त्या मुलांच्या मार्कांशी संबंध नको.

सकाळी हात थरथरणारा, घाम फुटणारा, घेतल्याशिवाय बरं न वाटणारा मुलगा दिसला तर गोष्ट वेगळी. त्याला 'आजपासून बंद' असं सांगू नका. अचानक थांबवल्यानं आकडी येऊ शकते. त्याला बांबोळीच्या मनोरुग्णालयात, आयपीएचबीत, घेऊन जा. रात्री-अपरात्री कुणाला मनाबद्दल बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चालतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, गोव्यात हे होणार का. 'इथं सगळेच पितात' हे वाक्य मुलांइतकंच प्राध्यापकही म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत १० ते ७५ वयोगटात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण देशात १४.६ टक्के होतं आणि गोव्यात २८ टक्के. म्हणजे देशाच्या जवळजवळ दुप्पट, हे खरंच. पण दहांतले सातजण घेत नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला ते सातजण दिसत नाहीत, कारण न पिणारा मुलगा स्टेटस टाकत नाही. तुमच्या कॉलेजात निनावी पाहणी करा. प्रत्येकाला दोन प्रश्न: तू महिन्यात किती वेळा घेतोस, आणि तुझ्या वर्गातले बाकीचे किती वेळा घेत असतील? दुसरं उत्तर बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा फुगलेलं निघतं, आणि तो फरक नोटीस बोर्डावर लावण्यासारखा असतो. तुमच्या हॉस्टेलचे खरे आकडेच मोठे निघाले तर मात्र ते लावू नका, कमी पिणाऱ्याला आपण मागे पडलो असं वाटायला लागतं.

प्रसंगांचाही विचार करावा लागेल. गोव्यात जोखमीच्या रात्री कॅलेंडरवर आधीच छापलेल्या असतात: सांजाव, नरकासुराची रात्र, कार्निव्हल, परीक्षेचा शेवटचा पेपर. सांजाव हा विहिरी-नदीत उड्या मारण्याचा सण, तिथे तर पाणी आणि दारू एकत्र येतात. त्या रात्रींना सिक्युरिटी वाढवण्यापेक्षा परत यायची सोय वाढवा. संध्याकाळनंतर बस मिळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मग ती मुलं येतात कशानं? भाड्याच्या स्कूटरवर, तिघं बसून. नऊला फाटक बंद होतं म्हणून पहाटेपर्यंत बाहेर राहणारी आणि झोपेत गाडी चालवत येणारी मुलं मी बघितली आहेत. उशिरा आलेल्याचं नाव लिहून घ्या, सकाळी विचारा, पण आत घ्या. मुलींच्या हॉस्टेललाही हेच लागू आहे, तिथे तर जास्तच; तेवढ्याच दारूनं मुलीच्या रक्तातलं प्रमाण साधारणपणे जास्त चढतं, आणि बंद फाटकामुळे ती अनोळखी माणसाच्या 'सोडतो घरी' वर अवलंबून राहते. फेस्टला दारूच्या ब्रँडची स्पॉन्सरशिप नको, हे वेगळं सांगायला नको. आवाराजवळचं दुकान ओळखपत्र न बघता विकत असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर अबकारी खात्याकडे लेखी तक्रार द्या. मुलांना पकडण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या चौथाई वेळात हे होतं.

त्या चौघांचं म्हणाल तर काढू नका. चौघांनाही समुपदेशकाकडे पाठवा, वेगवेगळं. गाडी कुणी चालवली ते विचारा आणि त्यासाठी त्याला जी शिक्षा नियमात आहे ती द्या. बादली घेऊन बसलेल्या मुलाशी तुम्ही स्वतः बोला: तू त्याला सोडून गेला नाहीस हे चांगलं केलंस, पुढच्या वेळी मला दोन वाजता उठव. आजारी पडलेल्या मुलाच्या घरी पत्र पाठवण्याआधी फोन करा, आणि शक्यतो मुलाला शेजारी बसवून. 'तुमचा मुलगा दारू पितो' असं सुरू केलंत तर वडील एकतर फोन ठेवतील किंवा मुलाला मारतील. 'काल त्याची तब्येत बिघडली, आता बरा आहे, तुमच्याशी बोलायचं आहे' असं सुरू करा. मुलगा अठराच्या आतला असेल तर घरी कळवण्यावाचून पर्याय नाही, पण तेही आधी त्याला सांगूनच.

ते एक पान मात्र मेच्या शेवटापर्यंत तयार ठेवा. जूनमध्ये नवीन मुलं येतील आणि २४ तारखेला सांजाव आहे. वॉर्डनचं आणि मजल्यावरच्या मुलांचं गादीवरचं शिक्षण त्याआधी उरकलेलं हवं.